चौघं, वीस हजार रुपये आणि मे महिन्यातलं कोकण

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

मे महिना तोंडावर आलाय. तुमच्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "चला कोकणात जाऊ" असा मेसेज येऊन पडला असणार. त्याखाली पाच अंगठे, दोन नाचणारे इमोजी, आणि मग शांतता. दोन आठवड्यांनी कोणीतरी "काय झालं रे प्लॅनचं?" विचारतं, तेव्हा एकाला ऑफिसचं काम निघालेलं असतं, एकाच्या घरी पाहुणे येणार असतात.

माझं म्हणणं असं आहे की यातली निम्मी कामं आणि निम्मे पाहुणे खोटे असतात. खरं कारण पैसे असतं, आणि ते ग्रुपवर कोणी लिहीत नाही. म्हणून आजच्या भागात मी कोकणातली चार दिवसांची, स्वतःच्या गाडीने, कमी पैशांतली ट्रिप कशी आखायची ते सांगणार आहे. पण सुरुवात रस्त्यापासून करणार नाही, पैशांपासून करणार आहे. कारण आमच्याकडे ट्रिप झाली ती त्यामुळेच.

आधी आकडा, मग नकाशा

आम्ही चौघं. इंजिनिअरिंगचे हॉस्टेलमधले. चौघंही आता सत्ताविशी-अठ्ठाविशीत, आणि परिस्थिती चौघांची चार प्रकारची. एकाची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेलेली. एकाने नुकताच फ्लॅट घेतलाय, म्हणजे पगार आला की अर्धा हप्त्यात जातो. एकाच्या घरी वडिलांचं ऑपरेशन झालेलं. आणि एकाचं बरं चाललेलं. मी यातला कोण ते सोडा.

हॉस्टेलमध्ये असताना सोपं होतं हो, सगळ्यांचेच खिसे रिकामे असायचे. आता पगार वेगळे झाले की "बजेट" या शब्दाचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागतो. एकासाठी बजेट हॉटेल म्हणजे साडेतीन हजारांची खोली, आणि दुसरा मनात हिशेब करून ऑफिसचं काम काढतो.

तर आम्ही एक केलं. प्रत्येकाने एकाच माणसाला, वेगळ्या मेसेजमध्ये, फक्त एक आकडा पाठवायचा: घरी कोणाला उत्तर न देता, क्रेडिट कार्ड न घासता, या ट्रिपवर मी किती घालवू शकतो. कारण लिहायचं नाही. चार आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा ग्रुपवर टाकायचा, आणि तो कोणाचा हे कधीच सांगायचं नाही. सरासरी काढायची नाही. सरासरी काढली की ज्याचा आकडा लहान तो बाहेरच पडतो.

आकडे माझ्याकडे आले. सगळ्यात लहान होता पाच हजार. गंमत म्हणजे सगळ्यांनी मनात धरलं की हा नोकरी गेलेल्या मित्राचा असणार. तो त्याचा नव्हता. त्याने परवानगी दिलीय म्हणून सांगतो, त्याने आठ हजार लिहिले होते. अंदाजाने कोणाला गरीब ठरवायचं आणि "तुझे मी भरतो रे" म्हणायचं, यात कोणाची तरी पंचाईत होतेच. विचारलेलं बरं.

चौघांचे पाच-पाच, म्हणजे वीस हजार. निघायच्या आधी सगळे पैसे एका खात्यात जमा. रस्त्यात हिशेब नाही, "तू मला एकशे सत्तर देणं लागतोस" नाही. आणि एक नियम: दारू, आंब्याची पेटी, घरी न्यायचे काजू, हे सगळं ज्याचं त्याने. सामायिक खर्चात ते घुसलं की आकडा मोडतो.

खाडी मध्ये येते

आता मार्ग. महाराष्ट्राचा किनारा पूर्वापार ७२० किलोमीटर सांगितला जातो. चार दिवसांत त्यातला एक छोटा तुकडा नीट बघता येतो. पुण्याहून निघणार असाल तर मी हरिहरेश्वर ते गुहागर हा तुकडा निवडेन. कारणं पुढे येतीलच.

पहिल्यांदा जाणारा माणूस नकाशात काय बघतो? हरिहरेश्वर इथे, वेळास समोर, मध्ये बोटभर अंतर. पण त्या बोटभर अंतरात सावित्रीची खाडी आहे. सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला धावणाऱ्या नद्या थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात, आणि मुखाशी रुंद खाड्या करतात. सावित्री महाबळेश्वरहून येते आणि बाणकोटला मिळते. वाशिष्ठी दाभोळला मिळते. त्याखाली जयगडला शास्त्री. किनाऱ्याने सरळ खाली जायचं म्हटलं तर प्रत्येक नदी तुम्हाला अडवणार.

दोन मार्ग उरतात. एक तर गाडी आत वळवून, लांबचा पूल गाठून, पुन्हा किनाऱ्यावर यायचं. नाहीतर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. तिकडची माणसं तिला जंगलजेटी म्हणतात. बागमांडला ते वेसवी ही सावित्रीच्या खाडीवरची, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवरची. पाण्यावरचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. दाभोळहून गुहागरला रस्त्याने वळसा घालून जायचं तर चिपळूणवरून शंभरच्या वर किलोमीटर होतात. घाट-वळणं धरून अर्धा दिवस गेला, शिवाय सात-आठ लिटर पेट्रोल. फेरीबोटीचं तिकीट त्याच्यापुढे काहीच नाही, आणि खाडीच्या मधोमध गाडीतून उतरून कठड्याला टेकून उभं राहायला मिळतं ते वेगळंच.

म्हणून कोकणात प्लॅन करताना किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. एका दिवसात एकच खाडी. फेरीबोट सकाळी किंवा दुपारीच गाठा. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. फेऱ्यांच्या वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्या, त्यांना त्या दिवसाची खरी माहिती असते. आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच धरा. रस्ता गावांतून, वाड्यांतून, माडांखालून जातो. समोरून एसटी आली की एकाला मागे घ्यावं लागतं, आणि तो एक तुम्हीच असता.

चार दिवस कसे

रविवारी पहाटे पाचला निघा. हो, रविवारी. शुक्रवारी रात्री अख्खं पुणे आणि अख्खी मुंबई निघते. रविवारी ती सगळी परत येत असते आणि तुम्ही उलट्या दिशेने मोकळ्या रस्त्याने जाता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलीचा भाव. मे महिन्यातल्या शनिवारी जी खोली दुप्पट दराने जाते, तीच रविवार ते बुधवार परवडणाऱ्या भावात मिळते. आयटीवाल्यांना तीन रजा टाकाव्या लागतील. पण आमचा आकडा जुळला तो मुख्यतः या एका निर्णयामुळे.

पहिला दिवस: पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव. एक्स्प्रेसवेचा टोल नाही, पहाटेचा घाट थंड. माणगावला टाकी भरून घ्या, पुढे किनाऱ्याला पंप लांब लांब आहेत. तिथून म्हसळा आणि हरिहरेश्वर. देवदर्शन, जेवण, आणि दुपारी बागमांडल्याची फेरीबोट. पलीकडे वेसवी, बाणकोटचा किल्ला, मग वेळास, केळशी, आंजर्ले. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, पण तो हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिलचा. मे महिन्यात तेवढ्यासाठी थांबू नका.

मुक्काम केळशी-आंजर्ल्याच्या आसपास, आणि तिथेच दोन रात्री. रोज गाव बदललं की रोज सामान बांधा, रोज घर शोधा, रोज नव्या ठिकाणी महाग जेवा. दोन रात्री राहणार म्हटलं की घरमालकही भाव थोडा कमी करतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी काय करायचं ते त्यांना कळलेलं असतं.

दुसरा दिवस: सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. तिथून खाली माडांची दाटी आणि समुद्र दिसतो, फुकट. दुपारी झोप. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. बोटी लागतात, पाट्या वाळूवर येतात, कोळणी भाव बोलतात, आणि अर्ध्या तासात माल गाड्यांत चढतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. एक लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मेच्या अखेरीला गेलात तर बोटी किनाऱ्यावर ओढायला सुरुवात झालेली असेल.

तिसरा दिवस: मुरुड, कर्दे करत दाभोळ. हे मुरुड दापोली तालुक्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. अलिबागकडच्या मुरुड-जंजिऱ्याशी गल्लत करू नका, मॅपमध्ये पत्ता टाकताना तर अजिबात नको. दाभोळ हे एकेकाळचं मोठं बंदर, धक्क्याजवळची आदिलशाही काळातली मशीद बघा. मग फेरीबोटीने धोपावे, आणि मुक्काम गुहागरला. व्याडेश्वराचं देऊळ आणि त्याच्या मागे लांबच लांब किनारा.

चौथा दिवस परतीचा: गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, पुणे. चिपळूणच्या वर घाट चढताना पोफळीचं वीजकेंद्र लागतं. कोयनेचं पाणी वीज करून झालं की वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे काल दाभोळला ज्या खाडीवरून तरंगत गेलात, तिच्यातलं काही पाणी घाटमाथ्यापलीकडचं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

हिशेब

ज्यांना एक्सेल आवडतं त्यांच्यासाठी. आमचा प्रवास इकडचं-तिकडचं धरून साडेसहाशे किलोमीटर. गाडी लिटरला सोळा देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ४,३०० रुपये. दोन फेरीबोटी, गाडी आणि माणसं मिळून ६०० बाजूला ठेवले. परतीच्या हायवेचा टोल ४००. दोन साध्या खोल्या, रात्रीला २,४००, तीन रात्रींचे ७,२००. जेवण-चहा माणशी दिवसाला ४००, म्हणजे चौघांचे चार दिवसांचे ६,४००. बेरीज १८,९००. उरले अकराशे, ते पंक्चरसाठी, पार्किंगसाठी आणि कोकम सरबतासाठी.

दिवसाला चारशेत मासे? रोज नाही. सुरमईची थाळी एकदा, एरवी बांगडा, आणि एक वेळ घरगुती शाकाहारी जेवण. कुळथाची पिठी, भात, पोह्याचा पापड, सोलकढी. उन्हाळ्यात तेच बरं वाटतं. घरी जेवायचं असेल तर सकाळीच सांगा. रात्री नऊला पोचून "काकू, काही मिळेल का?" विचारायचं, हे त्यांच्यासाठी त्रासाचं आणि तुमच्यासाठी उपाशी राहण्याचं.

एसी घेतला नाही. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पंखा, आणि रात्री पडवीत गाद्या. घाम येतो, खोटं कशाला सांगू. पण दुपारी बारा ते चार कुठेही जायचंच नाही असं ठरवलं की सुसह्य होतं. मे महिन्यात दुपारी बीचवर फोटो काढत फिरणारी माणसं संध्याकाळी डोकं धरून बसलेली असतात.

आंब्याचं सांगतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे. पण रस्त्याकडेला रायवळ आंबे मिळतात, लहान, चोखून खायचे. चौघं मिळून गाडीच्या बोनेटभोवती उभं राहून टोपलीभर खाल्ले. सामायिक खर्चातून, बिनविरोध मंजूर.

रोख पैसे जवळ ठेवा, तीन-चार हजार तरी. क्यूआर कोड सगळीकडे आहेत, रेंज सगळीकडे नाही.

कुठे पैसे वाचवायचे नाहीत

दोन ठिकाणी.

पहिलं, घरमालकाशी घासाघीस. भाव विचारा, जास्त दिवस राहणार असाल तर सांगा, पण ठरलेल्या भावात चौथ्या चहाचे पैसे कापून घेऊ नका. या घरांचं वर्ष मे, दिवाळी आणि नाताळ एवढ्यावर चालतं. जून उजाडला की खोल्या रिकाम्या, कौलं शाकारायची, पावसाळा काढायचा. आपला आकडा लहान आहे म्हणून त्याचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. जमत नसेल तर एक रात्र कमी करा.

दुसरं, समुद्र. वेळ वाचवायला किंवा "एवढं आलोय तर" म्हणून पाण्यात उतरायचं नाही. भरती-ओहोटीचं गणित सोपं आहे, आणि कोकणात ते पंचांगावर करतात. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तो साधारण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. कोडिंग करणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर फॉर्म्युला मिळणार नाही: एक इनपुट, एक गुणाकार, नेटवर्क लागत नाही. मात्र हा अंदाज आहे, अचूक वेळेला भरतीचं कोष्टक बघा.

हे का सांगतोय? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकडच्या खडकांवरून जाते, आणि ती वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरती चालू असताना तिथे लाटेने माणसं ओढली गेलेली आहेत. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. एकाने घड्याळ बघून म्हटलं, "अर्धा तास आहे, पटकन जाऊन येऊ." पुजाऱ्यांनी मान हलवली, आम्ही वरूनच नमस्कार केला आणि पुढे गेलो. किनाऱ्यावर पोहताना ओहोटीचं पाणी पाय आत ओढतं, आणि वाळू सरळ दिसत असली तरी मध्येच खोल चर असतो. गावातला माणूस "इथे उतरू नका" म्हणाला की कारण विचारत बसू नका. मेच्या शेवटी वारा फिरतो, समुद्र खवळायला लागतो, तेव्हा तर गुडघ्याच्या वर नाहीच.

आणि हो, अकराशे रुपयांत जेट-स्की बसत नव्हती. ज्याचं बरं चाललेलं होतं तो म्हणाला, मी सगळ्यांचे भरतो. आम्ही नको म्हटलं. तो एकटा गेला असता तरी चाललं असतं, नियमात बसत होतं. पण गेला नाही. वाळूत बसून राहिला आमच्यासोबत.

शेवटी

बुधवारी रात्री परत आलो तेव्हा खात्यात दोनशे दहा रुपये उरले होते. ते अजून तिथेच आहेत, पुढच्या ट्रिपसाठी. नोकरी गेलेल्या मित्राला त्यानंतर दीड महिन्याने नोकरी लागली. ट्रिपमुळे नाही अर्थातच. पण त्या चार दिवसांत त्याने पहिल्यांदा सविस्तर सांगितलं की मुलाखतींत काय होतंय, आणि आमच्यातल्या एकाने गुहागरच्या किनाऱ्यावर बसून त्याचा सीव्ही फोनवर वाचला. तो घरी बसला असता तर हे झालं नसतं. पाच हजारांचा आकडा ज्याचा होता, तोही आला नसता. हे मला माहीत आहे, कारण आकडा पाठवताना त्याने पुढे एक ओळ लिहिली होती: "यापेक्षा जास्त असेल तर मी काहीतरी कारण सांगेन, तू समजून घे."

तर या मे महिन्यात ग्रुपवर मेसेज आला, की हॉटेलच्या लिंका टाकायच्या आधी आकडे मागवा. खाजगीत. आणि सगळ्यात लहान आकड्यात काय काय बसतं ते बघा. कोकणात बरंच बसतं.

तुम्ही कुठला तुकडा केलात, फेरीबोट कुठली घेतलीत, मेहनतीने सांभाळलेला एखादा स्वस्त मुक्काम असेल तर तो, सगळं कळवा. दक्षिणेकडच्या, मालवण-वेंगुर्ल्याच्या मंडळींनी तर नक्कीच. तुमच्या बाजूचा भाग करायचाय.

पुढच्या भागात भेटू. गाडी हळू चालवा, आणि एसटीला वाट द्या.